रिकाम्या खोलीतून तो पाय उचलून चालला

माझा धंदा सीसीटीव्ही बसवण्याचा. मुलुंड, नाहूर, भांडुप, घाटकोपर... सोसायट्या, मेडिकलची दुकानं, क्लासेस, जिथे बोलावतील तिथे. त्यामुळे "कॅमेऱ्यात काहीतरी दिसलं" असा फोन मला अधूनमधून येतोच. एकदा एका सोसायटीच्या सेक्रेटरीने घाईघाईने बोलावून घेतलं. जिन्यात पांढरी आकृती तरंगते म्हणे, बायका खाली उतरायला घाबरतात. गेलो, शिडी लावली. लेन्ससमोर कोळ्याने जाळं केलं होतं, रात्रीच्या मोडमध्ये ते चमकायचं. फडक्याने भूत पुसलं आणि खाली आलो.

सांगायचा मुद्दा – मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. या ग्रुपवरचे अनुभव बरेच दिवस वाचतोय, आणि खाली शंका काढून लेखकाला वैताग आणणारा तो सभासद बहुतेक वेळा मीच असतो. त्यामुळे हे लिहिताना मला चांगलंच माहीत आहे की तुम्ही काय काय विचाराल. विचारा. मी स्वतःला सगळं विचारून झालंय.

आम्ही मराठी ख्रिस्ती. मूळ नगरकडचे, पण माझा जन्म इथलाच. माझं नाव विनय. मी, बायको स्मिता आणि मुलगी नाहूरला राहतो. आई, सुलोचनाबाई, चारकोपला, एकटी. पप्पा गेल्यापासून "आमच्याकडे ये" म्हणून मी तिच्या मागे लागलोय आणि ती ऐकत नाही. सेक्टरमधली बैठी घरं तुम्ही पाहिली असतील – अरुंद गल्ली, समोरासमोर दारं, बाहेर एक खोली आणि पडद्याआड स्वयंपाकघर. तिथेच तिचा संसार झाला, तिथेच तिची मंडळी आहे. मंडळी म्हणजे आमचं चर्च.

आईची भक्ती हा आमच्या भांडणाचा कायमचा विषय. ती देवाशी शेजारणीशी बोलावं तशी बोलते. कुकरची शिट्टी होत नसेल तर – "प्रभू, बघ ना जरा याच्याकडे." गुडघा दुखला, बस आली नाही, भाजीत मीठ जास्त पडलं, सगळं त्याच्या कानावर घालायचं आणि मग आपण निवांत. माझं तसं नाही. पप्पा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा सगळी मंडळी प्रार्थना करत होती, मीही करत होतो. पप्पा गेले. त्यानंतर मी चर्चला जातो तो नाताळला, तेही आईला बरं वाटावं म्हणून. एकदा चिडून मी तिला विचारलंही होतं, "तेव्हा कुठे होता गं तुझा देव?"

ती म्हणाली, "इथेच होता. मला नाही आवडलं त्याने केलं ते. तसं सांगितलं मी त्याला."



तर तिची एक सवय होती. दुपारी दाराला कडी लावायची नाही. दार नुसतं लोटलेलं. वारा येतो, म्हणायची.

"आणि चोर आला तर?"

"देव आहे ना."

"देव काय वॉचमन आहे का?"

"अरे विनू, आतापर्यंत कोण राखत होतं मग? तू?"

त्यातच मागच्या सेक्टरमध्ये एका वयस्कर बाईंच्या घरात भर दुपारी कोणीतरी घुसलं. अंगावरचं सोनं तर नेलंच, वर मारहाण केली. बाई वाचल्या, पण खूप दिवस हॉस्पिटलात होत्या. मी दुसऱ्याच दिवशी आईकडे गेलो आणि कपाटावर एक छोटा वायफाय कॅमेरा बसवला. कपाट दाराच्या बरोबर समोर, त्यामुळे दार आणि अख्खी बाहेरची खोली फ्रेममध्ये. दाराच्या एका बाजूला दिवाण, दुसऱ्या बाजूला टीव्हीचा शोकेस, मध्ये मोकळी फरशी. पडद्यामागचं स्वयंपाकघर दिसत नाही, आवाज मात्र थोडाफार येतो. आईने कॅमेऱ्याकडे बघून नाक मुरडलं. "आता तू बघणार का मी काय खाते ते?"

हा झाला सगळा सेटअप. आता त्या दिवसाचं.

उन्हाळा होता. मी आणि माझा पार्टनर इरफान घाटकोपरला एका दुकानात वायरिंग करत होतो. दुपारी मोबाइलवर अलर्ट आला – हालचाल. मी उघडलाच नाही. पडदा हलला तरी अलर्ट येतो, किती वेळा बघणार? संध्याकाळी नाहूरला आमच्या दुकानात बसलो होतो, चहा सांगितला होता, तेव्हा सहज क्लिप लावली...

दार ढकललं जातं. एक माणूस आत डोकावतो. डोक्यावर टोपी, खांद्याला रेक्झिनची बॅग. तो मागे गल्लीत बघून घेतो, आत येतो, बॅगेत हात घालतो. हात बाहेर येतो तेव्हा त्यात पान्हा असतो. मोठा, लोखंडी.

 मी आईला फोन लावला. तिने उचलला. "बोल रे." मागे टीव्ही चालू होता.  "जेवलीस का?" एवढंच विचारलं आणि ठेवला.

इरफान म्हणाला, "पुढे बघ ना यार. आई ठीक आहे. पुढे बघ."

पुढे बघितलं.

पान्हा हातात घेऊन तो माणूस खोलीत एक पाऊल टाकतो आणि थबकतो. पडद्यामागून आईचा पुटपुटल्यासारखा आवाज येतोय, पण त्याचं लक्ष तिकडे नाही. तो फरशीकडे बघतोय. मोकळ्या फरशीकडे. त्याची मान हळूहळू एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरते, वर्गात शिरलेला माणूस बाकांवरून नजर फिरवतो तशी. मग तो पान्हा पाठीमागे लपवतो. कोणी मोठं माणूस समोर आलं की पोरं सिगारेट लपवतात ना, अगदी तसा.

आणि मग तो चपला काढतो.

चोर. चपला काढतो.

मग चालायला लागतो, शोकेसच्या दिशेने. मी म्हटलं, आता कळलं, शोकेसवर आईचा मोबाइल आहे आणि तिच्या सोन्याच्या बांगड्या आहेत. भांडी घासताना ती काढून तिथेच ठेवते. पण इरफानने क्लिप थांबवली. "विनय, त्याचे पाय बघ. असा का चालतोय हा?"

तोवर मी फक्त हात बघत होतो. आता पाय बघितले. तो सरळ चालत नव्हता. एक पाय उचलायचा, पुढे नेऊन अलगद टेकवायचा, मग दुसरा. मध्येच आडवा झाला, पोट आत ओढून. एके ठिकाणी थांबून थोडा वाकला, रिकामा हात छातीशी नेला आणि ओठ हलवले. लग्नात पंगत बसलेली असते, पानं वाढलेली असतात आणि कुणाला तरी मधूनच पलीकडे जायचं असतं... तो माणूस कसा जातो? कोणाच्या पानाला पाय लागू नये म्हणून? तसा. फरशीवर काही नव्हतं. चटई नाही, पाणी सांडलेलं नाही, काही नाही.

तो शोकेसजवळ पोहोचला. बांगड्या त्याच्या हाताशी होत्या. त्याने बघितल्या पण नाहीत. तो खाली, शोकेसच्या पायाशी असलेल्या फरशीच्या तुकड्याकडे बघत राहिला. बराच वेळ. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली, मान नकारार्थी हलवली आणि आला तसाच, पाय उचलत उचलत परत गेला. दारात चपला हातात घेतल्या आणि पळाला. दार सताड उघडं.

त्यानंतर लगेच पडदा सरकला आणि आई ताट घेऊन बाहेर आली. दार उघडं दिसल्यावर तिने ते लोटलं. एरवी ती दिवाणावर बसून जेवते, गुडघ्यामुळे तिला खाली बसता येत नाही. त्या दिवशी ती दिवाणाला धरून, कण्हत, फरशीवर बसली आणि जेवायला लागली.

आम्ही ती क्लिप किती वेळा पाहिली, मोजलं नाही. माझ्या धंद्यात जेवढे संशय घेता येतात तेवढे मी घेतले. फ्रेम गळल्या का? नाही. कोणी क्लिपमध्ये हात घातला का? कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड मी स्वतः आईकडून काढून आणलं, त्यातही तेच. नशेत असेल? नशेतला माणूस झोकांड्या देतो, हा तर तोल सांभाळून चालत होता. इरफानने एकदा हळूच विचारलं, "तुमच्यात असं काही... म्हणजे चर्चमध्ये..."

"गप रे," मी म्हटलं.

पण खरं सांगतो, तो संशय मलाही आलाच होता. आमच्या मंडळीत 'साक्ष' देण्याची पद्धत आहे. देवाने माझ्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. मला वाटलं, कोणीतरी साक्षीसाठी मसाला तयार करतंय. सुलोचनाबाईंचा मुलगा चर्चला येत नाही, कॅमेऱ्याचा धंदा करतो, त्याच्याच कॅमेऱ्यात चमत्कार दाखवू... हसू नका. माणूस संशयावर पोट भरायला लागला की त्याला हेच सुचतं.

आईला काही न सांगता मी नुसतं त्या टोपीचं आणि बॅगेचं वर्णन करून विचारलं, असा कोणी माहीत आहे का. ती लगेच म्हणाली, "तो शेगडीवाला. मागे गल्लीत आला होता ना, माझा बर्नर साफ करून गेला. चांगला माणूस आहे. चहा पण दिला मी त्याला." चहाबरोबर तिने त्याला सगळंच दिलं होतं – मी एकटी असते, मुलगा नाहूरला, दुपारी दार उघडंच असतं.

पोलिसांकडे जायचं माझ्या मनात होतं. पण आधी मला त्याच्याशी बोलायचं होतं. शेगडीवाले चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या बाहेर चहाच्या टपरीवर बसतात असं कळलं, म्हणून मी आणि इरफान तिथे गेलो. पहिल्या दिवशी नव्हता. दुसऱ्या खेपेला दिसला. तीच टोपी. मी सरळ समोर बसलो आणि क्लिप लावून मोबाइल त्याच्यापुढे धरला. मला वाटलं पळेल, म्हणून इरफान मागे उभा होता.

तो पळाला नाही. क्लिप पाहिली, आणि मोबाइल माझ्या हातातून ओढून घेऊन पुन्हा पाहिली. मग माझ्याकडे बघितलं. रागाने!

"बाकीचे खंय गेले?"

"कोण बाकीचे?"

"साहेब, मस्करी नको. यातून माणसं काढून टाकलीत तुम्ही?"

त्याचं नाव संतोष. कणकवलीकडचा. चाळिशीचा असेल. मी त्याला म्हटलं, "आधी तू सांग. पान्हा घेऊन माझ्या आईच्या घरात कशाला शिरलास?"

त्याने ग्लास खाली ठेवला. "नियत फिरली. म्हातारी एकटी असते ते माहीत होतं. बांगड्या बघितल्या होत्या मी."

"आणि तिने आरडाओरडा केला असता तर?"

"माहीत नाय."

"माहीत नाही म्हणजे?"

"माहीत नाय म्हणजे माहीत नाय, साहेब! खोटा कशाक सांगू? मी काय केलं असतं ते मलाच माहीत नाय. त्याचीच भीती वाटते मला अजून."

माझा हात उठला होता. इरफानने मागून तो धरला. मग संतोष आपणहून बोलायला लागला.

तो आत गेला तर खोली माणसांनी भरलेली होती. सगळे खाली बसलेले, जेवत होते. बायका होत्या, बाप्ये होते, एक खूप म्हातारा होता. साधीच माणसं, घरातल्या कपड्यांत. कोणी दचकलं नाही, कोणी ओरडलं नाही. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, उशिरा आलेल्या पाहुण्याकडे बघतात तसं. तो म्हणाला, "मला लाजच वाटली हो. जेवणाऱ्यांच्यात चपला घालून उभा होतो."

मी म्हटलं, "त्या खोलीत आठ माणसं धड बसू शकत नाहीत."

"तेच तर सांगतोय ना. जास्त होते. आणि जागा होती."

"मग तेव्हाच मागे का नाही फिरलास? आत कशाला चाललास?"

"बोलावलं."

"कोणी?"

"तिकडे भिंतीकडे बसला होता एक. हाताने नुसतं ये म्हणाला. मला वाटलं, नाही गेलो तर बरं दिसणार नाही." त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी तिथवर गेलो. आणि ते सरकले, साहेब. दोघं जण सरकले आणि मला जागा करून दिली. बसायला."

इरफानने माझा हात सोडला. 

"मारलं असतं ना मला, तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "हातात पान्हा होता माझ्या. त्यांना दिसत होता तो. तरी जागा करून दिली."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं की नाटक? मी तेव्हाही हाच विचार करत होतो. निघताना मी त्याला दम दिला – त्या गल्लीत पुन्हा दिसलास तर ही क्लिप सरळ पोलिसांकडे जाईल. तो मान हलवून "हो" म्हणाला. त्यानंतर मी टपरीवाल्याकडे चौकशी केली, आजूबाजूच्या कारखान्यांत केली. दारू? नाही. चर्चच्या लोकांशी काही ओळख? कोणी कधी बघितलं नाही. आमच्या मंडळीतल्या दोन-तीन जणांना मी आडून आडून विचारलं. कोणाला काही पत्ता नव्हता.

त्या रविवारी मी आईकडे गेलो. क्लिप तिला दाखवायची की नाही, याच्यावर स्मिताशी माझं भांडण झालं होतं. ती म्हणाली, "त्यांच्या घरात घडलंय, त्यांना कळायला नको?" मी दाखवली. मनात होतं की आता तरी घाबरेल आणि सामान बांधून नाहूरला येईल.

आईने चष्मा लावून सगळी क्लिप पाहिली. पान्हा पाहिला. त्याचं चालणं पाहिलं. घाबरल्याचं चेहऱ्यावर काहीच नाही.

मी विचारलं, "आई, तेव्हा तू आत काय करत होतीस?"

"ताट वाढून घेतलं होतं. प्रार्थना करत होते जेवणाची."

"काय मागितलंस?"

"मागायचंय काय? जेवणासाठी आभार मानले." मग पदराने चष्मा पुसत म्हणाली, "त्या दिवशी म्हटलं होतं खरं त्याला... प्रभू, एकटं जेवायचा कंटाळा आला रे. रोज रोज या टीव्हीच्या तोंडाकडे बघत जेवायचं. बस, एवढंच. ते काय मागणं आहे?"

मित्रांनो, मी इतकी वर्षं तिला "जेवलीस का" विचारतोय. रोज, फोनवर. मी खिडकीकडे जाऊन उभा राहिलो.

"आणि खाली का बसलीस मग? गुडघा दुखतो ना तुझा?"

"काय माहीत. वाटलं, आज खाली बसावं."

संतोष मला काय म्हणाला ते मी तिला अजून सांगितलं नव्हतं. माणसांचं नाही, कसलंच नाही. तिने क्लिप पुन्हा लावायला सांगितली. तो शोकेसजवळ उभा राहतो, खाली बघतो, मान हलवतो, निघून जातो. आई म्हणाली, "बघ. जेवायला बस म्हटलं तर बसला नाही तो."

"कोण म्हटलं बस?" माझा आवाज चढला. "तुला काय दिसतंय त्यात? खरं सांग आई, तुला कोणी दिसतंय?"

"मला कुठे काय दिसतंय, बाबा? रिकामी खोली दिसतेय. पण कोणीतरी बस म्हटल्याशिवाय माणूस असा नाही म्हणून मान हलवतो का?"

मग मी सगळं सांगितलं. ऐकून ती एवढंच म्हणाली, "त्याला घेऊन ये एकदा जेवायला."

"वेड लागलंय का तुला? पान्हा घेऊन आला होता तो!"

"म्हणून तर."

मी साफ नाही म्हटलं. दाराला नवीन कडी बसवली, आतून लॅच बसवला, पलीकडच्या पाटकर काकूंना सांगून ठेवलं की दुपारी लक्ष ठेवा, आणि टोपीवाला कोणी दिसला तर आधी मला फोन करा. आईला तंबी दिली की हे चर्चमध्ये कोणाला सांगायचं नाही. ती म्हणाली, "मी काय सांगणार? मी तर डोळे मिटून होते."

त्यानंतर बरेच दिवस काही नाही. मी मात्र दिवसातून कितीदा तरी कॅमेरा बघायचो. शिडीवर, सिग्नलला, जेवताना. स्मिता म्हणायची, तू आईला राखतोयस की त्या माणसाची वाट बघतोयस? मी पुन्हा ॲप उघडायचो. 

पावसाळा संपता संपता एके दुपारी मी मुलुंडला एका क्लासमध्ये कॅमेरा लावत होतो. शिडीवर होतो, इरफानने खालून शिडी धरलेली. अलर्ट आला. उघडला तर मी लॅच बसवलेलं आईचं दार सताड उघडं, आणि दारात तो. तीच टोपी, पण हातात. तीच बॅग.

मी लगेच आईला फोन लावला. मुलुंडहून चारकोपला पोहोचेपर्यंत काय काय होऊ शकतं, ते सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं. स्क्रीनवर मला शोकेसवरचा तिचा मोबाइल वाजताना दिसत होता. पडदा सरकला, आई बाहेर आली. तिच्या हातात दोन ताटं होती. तिने वाजणाऱ्या मोबाइलकडे बघितलं, मग मान वर करून सरळ कॅमेऱ्याकडे. आणि मोठ्याने म्हणाली, "विनू, जेवायला बसतोय आम्ही. नंतर कर."

संतोषने बॅग दाराबाहेर ठेवली. चपला काढल्या. आत आला आणि शोकेसच्या पायाशी, बरोबर तिथेच, मांडी घालून बसला. आईने त्याच्यापुढे ताट ठेवलं. स्वतः दिवाणाला धरून खाली बसली. दोघांनी डोळे मिटले. म्हणजे आईने मिटले, आणि तिचं बघून त्याने.

पाटकर काकूंचा नंबर माझ्या अंगठ्याखाली होता. त्यांनी एक हाक मारली असती तर अख्खी गल्ली जमा झाली असती. इरफान खालून विचारत होता, "काय झालं? आई ठीक आहे ना?"  बोट स्क्रीनवर टेकवायचं की नाही... अख्ख्या आयुष्यात मला एवढं जड काही वाटलेलं नाही.

मी ॲप बंद केलं. मोबाइल खिशात टाकला आणि इरफानला म्हटलं, "स्क्रू दे."

संध्याकाळी चारकोपला गेलो. आई ठीक होती. बांगड्या शोकेसवर होत्या. मी विचारलं, "तू बोलावलंस त्याला?"

"माझ्याकडे कुठे त्याचा पत्ता? तुला सांगितलं तर तू ऐकेनास. मग त्याला सांगितलं."

"कोणाला?"

ती म्हणाली, "कोणाला म्हणजे?"

पुढच्या आठवड्यात मी टपरीवर जाऊन संतोषलाही विचारलं. तुला कोणी निरोप दिला, कोणी बोलावलं, का गेलास? तो म्हणाला, "कोणी नाय. भूक लागली होती." आता तो कधीमधी जातो. मला अजून त्याचा पूर्ण भरवसा वाटत नाही, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. तो म्हणतो, "नका ठेवू."

क्लिप माझ्याकडे आहे. इथे टाकणार नाही, आईचं घर आहे ते. कॅमेऱ्यातल्या दोन-तीन जाणकार मित्रांना दाखवली. एक म्हणाला, त्याला भास झाला असेल. असेल. पण भासात कोणी सरकून जागा देतं का, आणि नेमकं त्याच वेळी पडद्यामागची म्हातारी एकटं जेवायचा कंटाळा आला म्हणते का, हे विचारल्यावर त्याने क्लिप पुन्हा लावायला सांगितली. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी वाचेन आणि शंकाही काढेन.

आई म्हणते, मी देवावर भरवसा ठेवायला शिकतोय. मला तसं काही वाटत नाही. त्या दुपारी मी पाटकर काकूंना फोन केला नाही, हे मात्र खरं आहे. का केला नाही, ते मला अजून सांगता येत नाही.